लेण्यांचा ढिगारा उपसणारा रहिमतपूरचा माणूस : म. न. देशपांडे

साताऱ्याहून सांगलीकडे जाणाऱ्या रेल्वेत बसलात की कोरेगावनंतर रहिमतपूर लागतं. पुढे तारगाव, मसूर आणि मग कराड. कराडला उतरून आगाशिवच्या डोंगरावर लेणी बघायला जाणारे आपले तरुण या रहिमतपूर स्टेशनवरून कित्येकदा गेले असतील. पण महाराष्ट्रातल्या बौद्ध लेण्यांचा ढिगारा उपसून त्यातून आपला इतिहास बाहेर काढणारा एक माणूस याच गावात जन्मला, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. मधुसूदन नरहर देशपांडे हे त्यांचं नाव. जन्म 11 नोव्हेंबर 1920.

आडनाव वाचून काहींच्या कपाळावर आठी पडेल. पडू द्या. लेणी वाचायची तर आधी माणूस वाचायची सवय लागते, आणि हा माणूस वाचण्यासारखा आहे.

शिक्षण पुण्यात झालं. डेक्कन कॉलेजमध्ये ह. धी. सांकलिया यांच्यासारखे गुरू होते. त्या काळात भारतीय पुरातत्त्वाचे प्रमुख म्हणून मॉर्टिमर व्हीलर आले आणि 1944 साली त्यांनी तक्षशिलेला तरुणांसाठी उत्खननाचं प्रशिक्षण केंद्र उभं केलं. देशपांडे तिथे घडले. तक्षशिला म्हणजे धर्मराजिका स्तूपाचं, बौद्ध विहारांचं गाव. तिथे व्हीलरनी मुलांना एकच गोष्ट घोटून शिकवली : माती थराथराने काढायची, आणि प्रत्येक थरात काय मिळालं ते त्याच दिवशी लिहून ठेवायचं. वस्तू मिळाली म्हणून उचलली आणि पिशवीत टाकली, असं केलं तर ती वस्तू मुकी होते. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, किती खोलीवर, हे कळलं तरच ती बोलते.

ही शिस्त आज साधी वाटते. पण तिच्या आधी काय घडलं ते सांचीला जाऊन बघा. 1822 साली एका इंग्रज अधिकाऱ्याने आत काय आहे ते बघायला मोठ्या स्तूपाला वरपासून खालपर्यंत खिंडार पाडलं. हाती काही लागलं नाही, स्तूप मात्र एका बाजूने ढासळला. पुढे 1912 ते 1919 या काळात जॉन मार्शल यांनी सांचीची डागडुजी केली आणि 1923 साली जतनाचे नियमही छापले. त्यांचा गाभा असा की जुनं आहे ते टिकवायचं, नवं घडवून जुन्याच्या नावाने उभं करायचं नाही. देशपांडे ज्या खात्यात शिरले त्या खात्याचा हा वारसा होता.

स्वातंत्र्यानंतर हैदराबाद संस्थान भारतात आलं आणि अजिंठा, वेरूळ, पितळखोरा ही लेणी केंद्राच्या पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आली. औरंगाबादला खात्याचं नैर्ऋत्य मंडळ होतं. देशपांडे त्याचे अधीक्षक होते. काळ बघा. त्याच औरंगाबादेत बाबासाहेबांनी 1950 साली कॉलेज सुरू केलं होतं, ज्याला पुढे मिलिंद हे नाव मिळालं. 1956 साली नागपूरला धम्मदीक्षा झाली. एकीकडे लाखो लोक बुद्धाकडे परत येत होते, आणि त्याच वर्षांत औरंगाबादपासून फार लांब नसलेल्या डोंगरात मजूर टोपल्यांनी दगडमाती वाहत होते. या दोन गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नव्हता. तरी आज मागे वळून बघताना त्या शेजारी ठेवाव्याशा वाटतात.

तो डोंगर म्हणजे कन्नडजवळचा सातमाळा, आणि लेणी पितळखोऱ्याची. इसवी सनाच्या आधी दुसऱ्या शतकात कोरायला घेतलेली. ती लोकांना माहीत होती, इंग्रज अभ्यासकांनी त्यांची नोंदही केली होती. पण पितळखोऱ्याचा खडक कच्चा. दख्खनचा आपला काळा दगड एकसंध दिसतो, प्रत्यक्षात लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात. दोन थरांच्या मधे मऊ पट्टा असतो, फटी असतात. पावसाचं पाणी वरून त्या फटींत शिरतं आणि शेकडो वर्षं आतून दगड पोखरत राहतं. मग एक दिवस दर्शनी भाग सुटून खाली येतो. पितळखोऱ्याला असंच झालं होतं. लेण्यांची तोंडं कोसळून समोरच्या अंगणात प्रचंड ढिगारा साचला होता.

देशपांडे यांनी तो ढिगारा उपसायला घेतला. राडारोडा म्हणून नाही, उत्खनन म्हणून. क्रमांक चारच्या विहारासमोरून माती निघत गेली तशी जोत्यावर ओळीने कोरलेले हत्ती उघडे पडले. दारावर भाला आणि ढाल घेतलेले द्वारपाल दिसले. पाच फण्यांचा नाग मिळाला, आणि लक्षात आलं की तो नुसता शोभेचा नाही. आतल्या बाजूने आलेलं पाणी त्याच्या फण्यांतून बाहेर पडेल अशी वाट दगडात काढलेली होती. दोन हजार वर्षांपूर्वी कोरणाऱ्यांनाही पाण्याची धास्ती होती तर! त्यांनी आपल्या परीने बंदोबस्त केला होता.

त्याच ढिगाऱ्यात एक बुटका, पोट सुटलेला, हसणारा यक्ष सापडला. दोन्ही हात वर करून डोक्यावर पात्र धरलेला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर धम्मलिपीत लेख आहे, आणि त्यात घडवणाऱ्याचं नाव आहे : कान्हदास, धंद्याने सोनार. राजा नाही, सेनापती नाही, दान देणारा श्रेष्ठीही नाही. ज्याच्या हातांनी मूर्ती घडली तो कारागीर. प्राचीन भारतात शिल्पाखाली शिल्पकाराचं नाव मिळणं किती दुर्मीळ, हे लेणी हिंडणाऱ्याला सांगायला नको.

पितळखोऱ्याच्या लेखांत आणखीही माणसं भेटतात. पैठणचा, सुगंधी द्रव्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यातला मितदेव खांबाचं दान देतो. मागिल नावाचा राजवैद्य दान देतो आणि त्याची मुलगीही स्वतःच्या नावाने दान देते. धम्म कोणाच्या पैशावर आणि कोणाच्या घामावर उभा राहिला, या प्रश्नाला इतकं थेट उत्तर फार कमी ठिकाणी मिळतं. देशपांडे यांनी हे सगळं मोजमापं, छायाचित्रं, लेखवाचनासह खात्याच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकात 1959 साली छापलं. पितळखोऱ्यावर पुढे ज्याने ज्याने लिहिलं, त्याला त्या लेखाकडे जावंच लागलं.

त्याच वर्षीची दुसरी गोष्ट मला व्यक्तिशः जास्त मोलाची वाटते. लोणावळ्याजवळच्या भाजे लेण्यात मोठं चैत्यगृह आहे. वर पाहिलं की कमानीसारख्या वाकवलेल्या लाकडी फासळ्या दिसतात. दगडी छताला त्यांची काहीच गरज नाही. लाकडी इमारतींची सवय असलेल्या कारागिरांनी त्या बसवल्या. प्रश्न असा होता की हे लाकूड मूळचं की नंतर कोणी बसवलेलं? या फासळ्यांवर कोरलेले छोटे लेख मिळाले आणि देशपांडे यांनी 'ललित कला' या नियतकालिकात ते प्रसिद्ध केले. अक्षरं इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाची. म्हणजे ज्या लाकडावर ती कोरली ते लाकूडही तितकंच जुनं. बावीस शतकांचं लाकूड, आपल्या पावसात, उघड्या तोंडाच्या लेण्यात टिकून! जुनं किडकं लाकूड म्हणून एखाद्या उत्साही माणसाने ते काढून नवं चकचकीत बसवलं असतं, तर हा पुरावा कायमचा गेला असता.

इथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी मित्रांबरोबर एका लेणी स्वच्छता मोहिमेला गेलो होतो. भिंतीवर शेवाळ होतं, कुणीतरी ऑइल पेंटने नाव लिहिलं होतं. आम्ही तारेचे ब्रश घेऊन घासत सुटलो. नंतर शिलालेखाचा फोटो नीट यावा म्हणून अक्षरांत खडूची पूड भरली. संध्याकाळी फोटो टाकले, कौतुक झालं. पुढे एका जाणत्या अभ्यासकाने शांतपणे विचारलं की दगडाचा वरचा पापुद्रा गेला त्याबरोबर किती अक्षरं गेली? उत्तर नव्हतं. प्लास्टिक उचला, झाडोरा काढायची परवानगी मागा, पहारा द्या, तक्रार करा. पण दगडाला हात लावायचं काम शिकलेल्या माणसाचं आहे. संरक्षित स्मारकाची खराबी केली तर 1958 च्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्यात हेतू चांगला होता ही पळवाट नाही.

शिकलेल्या माणसांच्याही चुका होतात, याचं उदाहरण अजिंठ्यात आहे. निजामाने 1920 च्या सुमारास इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारी चित्रं भिंतीला चिकटवली, बरीच वाचवलीही. पण वरून लाखेचं रोगण दिलं. ते पुढे पिवळं पडलं आणि बोधिसत्त्वांचे रंग मळकट झाले. हे रोगण काढण्याचं चिवट काम पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावं लागलं. 1967 साली अ. घोष यांच्या संपादनाखाली अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर मोठा ग्रंथ निघाला, त्यात देशपांडे यांचंही लेखन आहे.

दरम्यान 1958-59 मध्ये प्रवरेकाठच्या दायमाबादचं पहिलं उत्खनन त्यांनीच केलं. तो ताम्रपाषाण काळाचा, वेगळा विषय आहे.

1972 साली ते भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे महासंचालक झाले आणि 1978 पर्यंत त्या पदावर होते. पुरावस्तूंच्या चोरट्या व्यापाराला आळा घालणारा 1972 चा कायदा 5 एप्रिल 1976 पासून लागू झाला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. कपिलवस्तूच्या शोधासाठी पिप्रहवा इथे के. एम. श्रीवास्तव यांचं उत्खनन चाललं, तेही याच वर्षांत. आणि अफगाणिस्तानातल्या बामियानच्या महाकाय बुद्धमूर्तींच्या जतनाचं काम 1969 ते 1977 भारतीय पथकाने केलं. त्याचं नेतृत्व र. सेनगुप्ता यांच्याकडे होतं, पण त्यातली पाच वर्षं खात्याच्या प्रमुखपदी रहिमतपूरचे देशपांडे होते. मार्च 2001 मध्ये तालिबानने त्या मूर्ती उडवल्या तेव्हा ते हयात होते.

आता पन्हाळे काजीकडे येऊ. हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात, दापोली तालुक्यात, कोटजाई नदीकाठी. इथे शिलाहार राजपुत्र विक्रमादित्याचा 1139 सालचा ताम्रपट मिळाला. त्यात प्रणालक या ठिकाणाचं नाव होतं. देशपांडे यांनी त्या धाग्यावरून जागेचा पाठपुरावा केला, गाळाने भरलेली लेणी साफ झाली आणि 29 लेण्यांचा समूह जगासमोर आला. 1986 साली त्यावरचा त्यांचा ग्रंथ खात्याने काढला.

सुरुवातीची लेणी थेरवादी काळातली, साधी. दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयान आलं. अक्षोभ्य आणि महाचंडरोषण यांच्या मूर्ती मिळाल्या. कोकणात बौद्ध परंपरा इतक्या उशिरापर्यंत जिवंत होती, याचा हा ठोस पुरावा. धम्म आठव्या शतकात संपला असं शाळेत शिकलेल्यांनी पन्हाळे काजीला जाऊन यावं. पुढे चौदाव्या शतकात तीच लेणी नाथपंथाकडे गेली आणि भिंतींवर नाथसिद्ध कोरले गेले.

देशपांडे यांनी तिन्ही थर नोंदवले. नाथांचं कोरीवकाम पुसून खालचं बौद्ध दाखवायचा खटाटोप केला नाही, आणि बौद्ध मूर्तींना भलतंच नाव देऊन झाकलंही नाही. आपल्यातल्या काहींना हे पचणार नाही. लेण्यांवर नंतर झालेली अतिक्रमणं बघून माझंही रक्त तापतं. तरी मला वाटतं की आपली बाजू खंबीर करायची असेल तर हीच पद्धत आपल्या कामाची आहे. कोर्टात किंवा कलेक्टर कचेरीत घोषणा चालत नाहीत. कुठला थर आधी, कुठला नंतर, हे छापील नोंदीसह दाखवता आलं तर समोरच्याला बोलायला जागा उरत नाही. आणि आपण स्वतःच एखादा थर खरवडून काढला, तर तो पुरावा आपणच नष्ट केलेला असतो.

हे सगळं आपल्या सातारा-सांगलीला लागू आहे. आगाशिवच्या डोंगरात साठाहून अधिक लेणी आहेत. एका लेण्यावर गोपालपुत्र संघमित्राच्या दानाचा लेख आहे. कराडचं जुनं नाव करहाकट, आणि मध्य प्रदेशातल्या भरहुत स्तूपाला या नगराने दान दिल्याची नोंद तिथल्या दगडावर आहे. शिरवळला लेणी आहेत. वाईजवळ लोहाऱ्याची लेणी लोक पालपेश्वर म्हणून ओळखतात. वाळवा, शिराळा, कडेगाव भागातल्या आपल्या पोरांना आगाशिव मोटारसायकलवर तासा-दीड तासाचं. पावसाळ्यात गेलात तर एक काम करा : कुठल्या लेण्याच्या कपाळावरून पाणी गळतं, कुठली भेग मागच्या वर्षीपेक्षा रुंद झाली, ते तारीख घालून लिहा, एकाच जागेवरून फोटो घ्या आणि खात्याकडे अर्ज द्या. दर वर्षी, त्याच जागेवरून.

म. न. देशपांडे 7 ऑगस्ट 2008 रोजी गेले. पितळखोऱ्याला आता पायऱ्या उतरून गेलं की हत्तींची ओळ समोरच दिसते. ढिगारा कुठपर्यंत होता हे ओळखू येत नाही.