सेमूर क्रे: आधी कूलिंग, मग स्पीड

सीपीयू ओव्हरक्लॉक केला की पंखा लगेच घोंघावायला लागतो. याच उष्णतेशी सेमूर क्रे आयुष्यभर झगडले. त्यांना सुपरकॉम्प्युटरचे जनक म्हणतात.

क्रे यांचा जन्म १९२५ साली अमेरिकेतल्या चिपेवा फॉल्स गावात झाला. १९६४ साली त्यांचा सीडीसी ६६०० जगातला सर्वात वेगवान कॉम्प्युटर ठरला. १९७६ मध्ये क्रे-१ आला. त्याचा क्लॉक ८० मेगाहर्ट्झ होता. वायरी आखूड राहाव्यात म्हणून त्याला इंग्रजी 'सी' अक्षरासारखा आकार दिला होता. ही दोन्ही मशीन थंड ठेवायला फ्रीऑन वापरला होता, म्हणजे त्या काळी फ्रिजमध्येही असायचा तोच गॅस! १९८५ च्या क्रे-२ मध्ये तर सर्किट बोर्ड थेट फ्लुओरिनर्ट या द्रवात बुडवले होते. या द्रवातून वीज वाहत नाही, म्हणून शॉर्टसर्किट होत नाही.

भारताला हवा तो क्रे सुपरकॉम्प्युटर अमेरिकेने दिला नाही. मग १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये परम ८००० तयार झाला. १९९६ मध्ये कार अपघातानंतर क्रे यांचं निधन झालं.

यातून आपण काय घ्यायचं? क्लॉक दीडपट केला तर उष्णता साधारण दीडपट होते, पण व्होल्टेज दीडपट केलं तर सव्वादोन पट. म्हणून पंखा वाढवण्याआधी व्होल्टेज थोडं थोडं कमी करून बघा. आणि पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. त्यामुळे तुंगार्लीच्या पावसाळी गारव्यात जमलेलं सेटिंग मे महिन्यात पुन्हा तपासा.