फुलामुलांच्या कवीची वाट

शाळेत ‘केवढे हे क्रौर्य’ ही कविता पाठ केली, तेव्हा कवीच्या नावावरून आमचा चांगलाच घोटाळा झाला होता. टिळक म्हणजे लोकमान्य, एवढेच आम्हांला ठाऊक. मग हे नारायण वामन टिळक कोण, आणि त्यांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ कशासाठी? पुढे बी. ए. ला मराठी घेतले, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ हाती आली आणि त्या कोड्याचा उलगडा झाला. यंदा माझे शेवटचे वर्ष. घरीदारी जो भेटेल तो विचारतो, पुढे काय करणार? माझ्यापाशी उत्तर नाही. अशा मनःस्थितीत टिळकांचे चरित्र पुन्हा वाचले, म्हणून हा लेखनप्रपंच.

टिळकांचा जन्म 1861 चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वडील वामनराव कडक आणि तापट. आई जानकीबाई भाविक आणि कवितेची आवड असलेली. बालपण कल्याणला गेले. आई गेली आणि त्या मुलाचे घरातून मनच उडाले. घर सोडून तो पायीच निघाला, तो आमच्या नाशकाला येऊन पोहोचला. गणेशशास्त्री लेले यांच्यासारख्या विद्वानाने त्याला पदरात घेतले आणि संस्कृत शिकविले. थोडे इंग्रजीही झाले, पण पदवी वगैरे काही नाही. आज पदवीचा कागद हाती पडायची वाट पाहणाऱ्या आम्हां मुलांना हे वाचून संकोच वाटतो.

1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका त्यांची पत्नी झाली. त्याच लक्ष्मीबाई. वय अवघे अकरा-बारा. माहेरी सोवळ्याचा अतिरेक इतका, की वडील बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घेत! आणि नवरा मिळाला तो असा, की त्याचा पाय एका गावी ठरत नसे. शिक्षकी केली, कीर्तने केली, पुराणे सांगितली, कविता केल्या. नागपूरला आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम केले. नोकरी धरायची आणि सोडायची. हाती आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकायचा. मनात आले की घरी न सांगता निघून जायचे. कोणाही व्यवहारी माणसाने त्यांना भटक्याच म्हटले असते.

पण या भटकण्यात एक सूत्र होते, असे मला वाटते. हा देश जातिभेदाने फुटला आहे. त्याला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना छळीत होता. एकदा तर स्वतःच नवा धर्म काढावा, येथवर त्यांच्या मनाने मजल मारली. अशातच राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांची गाठ पडली. त्याने नवा करार हाती ठेवला आणि वाचण्याचा आग्रह केला. टिळकांनी तो वाचला, आणि डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तेव्हा त्यांचे वय चौतिशीच्या घरात होते.

येथे मात्र मी अडखळते. टिळकांना वाट सापडली, पण लक्ष्मीबाईंचे काय? पदरी लहानगा दत्तू, आणि नवरा एका दिवसात परका झालेला. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी चार-पाच वर्षे काढली. माझ्या एका मैत्रिणीच्या मते हा टिळकांचा स्वार्थच. तिचे म्हणणे मला पुरते खोडून काढता आलेले नाही. एवढे मात्र खरे, की टिळकांनी पत्नीवर धर्मांतराची सक्ती केली नाही. त्या अहमदनगरला आल्या तेव्हा सोवळे-ओवळे आणि स्वतंत्र स्वयंपाक घेऊनच आल्या. जात ही माणसाने निर्मिलेली, देवाने नव्हे, हे त्यांना त्यांच्या वेळी आणि त्यांच्या विचाराने उमगले. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांच्या साऱ्या विखुरलेल्या गुणांना एकदम जागा मिळाली. 1904 साली त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पूर्वीची विद्या त्यांनी टाकली नाही, उलट तीच कामाला लावली. चर्चमध्ये तोवर इंग्रजी चालींवर बेतलेल्या गीतांचा भरणा असे. टिळकांनी तेथे अभंग, ओव्या आणि भजने आणली. चिपळ्या-मृदंगाच्या साथीने ते ख्रिस्ताचे कीर्तन करू लागले. ख्रिस्ती होण्यासाठी मराठीपण सोडावे लागत नाही, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांची गीते मराठी ख्रिस्ती मंडळीत आजही गाइली जातात. ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. घर तर सर्वांसाठी उघडेच. अनाथ मुले तेथे वाढली. बालकवी ठोमऱ्यांसारख्या कोवळ्या कवीलाही त्याच घराने मायेची सावली दिली.

इतके स्थिरस्थावर झाल्यावर दुसरा कोणी तेथेच विसावला असता. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली! परदेशी पैशावर चालणारे काम आपल्या लोकांना आपले वाटत नाही, हे शल्य त्यांना होते. साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या सर्वांना तेथे सारखेच आसन. पण हा दरबार फुलायला काळाने उसंत दिली नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईस त्यांचा अंत झाला.

‘ख्रिस्तायन’ हे त्यांचे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे लिहायला बसल्या लक्ष्मीबाई. शाळेचे तोंडही न पाहिलेल्या. टिळकांचा हेतू आता त्यांचाही झाला होता. उत्तरायुष्यात त्या नाशिकलाच राहिल्या, 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध झाली आणि 1936 साली याच गावी त्यांनी डोळे मिटले.

परवा शरणपूर रोडने घरी येताना मी सायकलवरून उतरून थोडी चालले. वाहनांच्या गर्दीत मनात आले, घर सोडून पायी नाशकाला निघालेल्या त्या पोराला पुढे काय करणार असे कोणी विचारले असते, तर त्याच्यापाशी तरी काय उत्तर होते? ते मिळायला त्याला वीसेक वर्षे लागली, आणि त्या उत्तराची किंमत त्याच्या माणसांनीही मोजली. म्हणून आपले काम शोधताना घाई करू नये. पण आपल्या शोधाची झळ कोणाला लागते आहे, इकडे डोळेझाकही करू नये. टिळकांच्या चरित्रातून मी एवढे घेतले आहे. घरी अजून विचारतातच. शोधते आहे, एवढे मात्र आता मी न लाजता सांगते.