‘बनाना’ म्हणताना जोर कुठे द्यायचा? ती खूण डिक्शनरीत करणारा माणूस : डॅनियल जोन्स

चोपडा, यावल, रावेर म्हणजे केळीचा पट्टा. ‘बनाना’ हा शब्द इथे पहिलीतल्या पोरालाही येतो. फक्त आपण त्यातले दोन्ही ‘ना’ सारखेच ठणठणीत म्हणतो. लंडनचा माणूस सगळा जोर मधल्या ‘ना’वर टाकतो. पहिला ‘ब’ आणि शेवटचा ‘ना’ त्याच्या तोंडून नुसता ओझरता येतो.

याला म्हणतात वर्ड स्ट्रेस, मराठीत आघात. आणि कुठल्या शब्दात तो कुठे पडतो, याची शब्दवार नोंद करण्यात डॅनियल जोन्स यांचं आयुष्य गेलं.

जोन्स यांचा जन्म १२ सप्टेंबर १८८१ चा, लंडनचा. वडील बॅरिस्टर. पोरानेही केंब्रिजला गणित केलं, मग वकिलीची सनद घेतली, पण कोर्टाची पायरी काही चढला नाही. पॅरिसला पॉल पासी यांच्याकडे ध्वनिशास्त्र शिकला आणि तिथेच रमला. १९०७ पासून लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात शिकवणं सुरू झालं, १९२१ मध्ये जोन्स तिथे प्रोफेसर झाले.

मधल्या काळात, १९१७ ला, आली त्यांची ‘इंग्लिश प्रोनाउन्सिंग डिक्शनरी’. यात शब्दाचा अर्थ नाही, फक्त उच्चार. आणि जोराच्या अक्षराआधी एक छोटी उभी रेघ.

एवढ्याशा रेघेने काय होतं? ‘रेकॉर्ड’ घ्या. जोर पहिल्या अक्षरावर असेल तर ती वस्तू, दुसऱ्यावर गेला की रेकॉर्ड करण्याची क्रिया. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर ‘फो’वर, ‘फोटोग्राफी’त तो ‘टो’वर सरकतो, ‘फोटोग्राफिक’मध्ये थेट ‘ग्रा’वर. जोराचं अक्षर लांबतं, स्पष्ट होतं, आवाजाची पट्टी बदलते. बाकीची अक्षरं अंग चोरून बसतात. आपण ‘हॉटेल’मधल्या ‘हॉ’वर दाबतो, त्यांचा जोर ‘टेल’वर. ‘कमिटी’त ‘मि’वर.

देवनागरीत ऱ्हस्व-दीर्घ दिसतं, आघात दिसत नाही. त्यामुळे स्पेलिंग पाठ, ग्रामर पक्कं, तरी परदेशी क्लायंटच्या कॉलवर समोरचा पुन्हा पुन्हा विचारतो. पोरगं बिचारं समजतं, आपलं इंग्रजीच कच्चं. खरं तर बऱ्याचदा फक्त जोर दुसरीकडे पडलेला असतो.

जोन्स यांच्या कामाला एक मर्यादाही होती. त्यांनी नोंदवलेले उच्चार इंग्लंडच्या महागड्या बोर्डिंग शाळांत शिकलेल्या वर्गाचे होते. हेच बरोबर, असा आपला दावा नाही, आपण फक्त जे ऐकू येतं ते लिहितो, असं ते सांगत. लोकांनी मात्र डिक्शनरीला कायद्याचं पुस्तक करून टाकलं.

भारताकडेही त्यांचं लक्ष होतं. भारतासाठी एक राष्ट्रीय लिपी कशी असावी, यावर त्यांनी १९४२ मध्ये पुस्तिका लिहिली.

बर्नार्ड शॉ यांच्याशी त्यांची ओळख होती. बीबीसीच्या उच्चार समितीवर दोघे सोबत होते. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधला प्रोफेसर हिगिन्स हेन्री स्वीट या अभ्यासकावरून सुचला असं मानतात, पण त्यात जोन्सच जास्त दिसतात असं त्यांच्या चरित्रकारांचं म्हणणं. हाच हिगिन्स पुलंच्या ‘ती फुलराणी’त प्रोफेसर अशोक जहागीरदार होऊन मराठीत आला, १९७५ ला. ते पाहायला जोन्स नव्हते. ४ डिसेंबर १९६७ ला ते गेले.

डिक्शनरी पुढे इतरांनी सुधारत नेली. २०११ मध्ये तिची अठरावी आवृत्ती निघाली. तिच्यातही ‘बनाना’ आहे, मधल्या ‘ना’च्या आधी रेघ मारलेला.