अपूर्णांकांचे आचार्य : भास्कराचार्य

भास्कराचार्यांचे नाव उच्चारले की आपल्या डोळ्यांसमोर ग्रहगोल, ग्रहणे, वेध असे काहीतरी उत्तुंग उभे राहते. भारताने १९७९ आणि १९८१ साली अवकाशात सोडलेल्या दोन उपग्रहांना भास्कर हे नाव देण्यात आले ते याच नावाच्या दोन प्राचीन गणितज्ञांच्या स्मरणार्थ. त्यांपैकी दुसरे भास्कराचार्य आपल्या सह्याद्रीच्या परिसरातले. त्यांच्या आकाशाएवढ्या कर्तृत्वाबद्दल जाणकारांनी पुष्कळ लिहिले आहे. मला या लेखात त्यांच्या एका जमिनीवरच्या कामाबद्दल लिहावेसे वाटते. ते काम म्हणजे मुलांना अपूर्णांक शिकवणे.

कला शाखेकडे वळलेल्या आपल्यापैकी अनेकांनी गणिताला कायमचा रामराम ठोकलेला आहे. मित्रमैत्रिणींशी बोलताना मला असे आढळले, की हा दुरावा बीजगणितात किंवा भूमितीत सुरू झालेला नसतो. एका आकड्याच्या डोक्यावर दुसरा आकडा येऊन बसला, मध्ये एक आडवी रेघ आली, आणि डावीकडे आणखी एक आकडा उभा राहिला, त्या दिवशी तो सुरू होतो. पूर्णांकयुक्त अपूर्णांक हे नावच इतके बोजड, की त्यात पूर्ण काय आणि अपूर्ण काय हे कळण्याआधीच तास संपतो. साडेआठशेहून अधिक वर्षांपूर्वी आपल्याच भूमीतल्या एका आचार्याने ही अडचण ओळखली होती आणि ती सोडवण्यासाठी आपली सारी प्रतिभा पणाला लावली होती, हे म्हणूनच मुद्दाम सांगण्यासारखे आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ मध्ये, म्हणजे इ. स. १११४ साली झाला. आपले जन्मवर्ष त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. आपले गोत्र शांडिल्य आणि गाव सह्याद्रीजवळचे विज्जलविड, हेही त्यांनीच सांगितले आहे. हे गाव नेमके कोणते, यावर विद्वानांत एकमत नाही. कोणी ते विजापूर मानतात, तर कोणी जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ असलेल्या पाटणच्या परिसरात दाखवतात. त्यांचे वडील महेश्वर हे ज्योतिषाचे पंडित होते आणि तेच भास्कराचार्यांचे गुरू. कला शाखेच्या विद्यार्थ्यांना सुखावणारी गोष्ट अशी, की हे घराणे मुळात कवींचेही होते. त्यांचे पूर्वज त्रिविक्रम यांचा उल्लेख शिलालेखात कविचक्रवर्ती असा येतो. गणित आणि काव्य ही दोन वेगळी घरे आहेत, असे त्या वाड्यात कोणाला वाटत नसावे.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धांतशिरोमणी हा आपला प्रमुख ग्रंथ पूर्ण केला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय असे त्याचे चार भाग मानले जातात. ग्रहांच्या गतीचा विचार करणाऱ्या या माणसाला बेरीज-वजाबाकीपासून सुरुवात करण्याची तशी गरज नव्हती. ते काम एखाद्या पंतोजीवर सोपवता आले असते. परंतु त्यांनी तसे केले नाही. आकाशाकडे जाण्याचा जिना त्यांनी पहिल्या पायरीपासून स्वतः बांधला, आणि ती पहिली पायरी म्हणजे लीलावती.

लीलावती ही त्यांची कन्या होती, तिच्या विवाहाचा मुहूर्त साधण्यासाठी मांडलेल्या घटिकापात्रात तिच्या अलंकारातला मोती पडला, भोक बुजले, मुहूर्त टळला, आणि दुःखी मुलीचे नाव अमर करण्यासाठी पित्याने ग्रंथ लिहिला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली असते. मात्र ती स्वतः भास्कराचार्यांनी कोठेही सांगितलेली नाही. अकबराच्या आज्ञेवरून फैजीने १५८७ साली लीलावतीचे फार्सी भाषांतर केले, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे ग्रंथानंतर चार शतकांहून अधिक काळाने. कथा खरी असो वा नसो, ती लोकांच्या मनात रुजली याचे कारण मला ग्रंथातच दिसते. त्यातली उदाहरणे कोणालातरी जवळ बसवून विचारलेली आहेत. कधी बालेला, कधी हरिणाक्षीला, कधी मित्राला, तर कधी व्यापाऱ्याला. शिकणारा समोर आहे हे ग्रंथकार क्षणभरही विसरत नाही.

अपूर्णांकांना भास्कराचार्य भिन्न म्हणतात. पूर्णांकांची आठ परिकर्मे, म्हणजे बेरजेपासून घनमूळापर्यंतच्या आठ क्रिया, शिकवून झाल्या की त्याच आठ क्रिया ते भिन्नांवर करून दाखवतात. पण त्याआधी एक महत्त्वाची तयारी करून घेतात. व्यवहारात अपूर्णांक आपल्यापुढे एकाच वेषात येत नाही, म्हणून त्यांनी त्याच्या चार जाती सांगितल्या आहेत : भागजाती, प्रभागजाती, भागानुबंध आणि भागापवाह.

भागजातीत छेद सारखे करायचे असतात. तीन, एक पंचमांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज करायला ते सांगतात. पंचमांश आणि तृतीयांश यांचे तुकडे वेगवेगळ्या आकाराचे, ते थेट मिळवता येत नाहीत. सगळ्यांचे पंधरावे भाग करा, म्हणजे पंचेचाळीस, तीन आणि पाच मिळून त्रेपन्न पंधरांश होतात. अंश, छेद, समच्छेद हे आपल्या शालेय पुस्तकांतले शब्द याच परंपरेतून आलेले आहेत.

प्रभागजाती म्हणजे भागाचा भाग. येथे आचार्यांचा मिस्कीलपणा पाहावा. एका कृपणाने याचकाला दान दिले. किती? एका द्रम्माच्या अर्ध्याचे दोन तृतीयांश, त्याचे तीन चतुर्थांश, त्याचा पंचमांश, त्याचा सोळावा भाग आणि त्याचाही चौथा भाग! ऐकताना वाटते, केवढे हे दान! अंशांचा गुणाकार सहा येतो आणि छेदांचा सात हजार सहाशे ऐंशी. सहाने भागून संक्षेप दिला, की उरतो एक द्रम्माचा बाराशे ऐंशीवा भाग. आता ग्रंथाच्या आरंभी दिलेले कोष्टक आठवावे. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिण्यांचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. म्हणजे बाराशे ऐंशी कवड्यांचा द्रम्म, आणि त्या उदार गृहस्थाने दिली अवघी एक कवडी. विद्यार्थी हसतो, आणि हसता हसता अपूर्णांकांचा गुणाकार शिकून जातो.

मला सर्वांत जवळच्या वाटतात त्या उरलेल्या दोन जाती, कारण त्या आपल्या जिभेवर आहेत. पूर्णांकाला भाग जोडलेला असेल तर तो भागानुबंध आणि पूर्णांकातून भाग काढलेला असेल तर तो भागापवाह. आचार्यांची उदाहरणे आहेत चतुर्थांशासह दोन आणि चतुर्थांशाविना तीन. मराठीत सांगायचे तर सव्वादोन आणि पावणेतीन! रीत सोपी आहे. पूर्णांकाला छेदाने गुणा आणि त्यात अंश मिळवा किंवा त्यातून वजा करा. दोन चोक आठ आणि एक नऊ, म्हणून सव्वादोन म्हणजे नऊ चतुर्थांश. तीन चोक बारा, त्यातून एक गेला अकरा, म्हणून पावणेतीन म्हणजे अकरा चतुर्थांश. जुन्या पोथ्यांत ही संख्या वरती पूर्णांक, त्याखाली अंश आणि त्याखाली छेद अशी उभी मांडत, मध्ये रेघ नसे.

गंमत अशी, की चतुर्थांशासाठी त्यांनी पाय या अर्थाचा शब्द वापरला आहे, आणि आपला पाव हा शब्दही पाद, म्हणजे पाय, यावरूनच आला. चार पायांच्या जनावराचा एक पाय तो पाव. सपाद म्हणजे सव्वा, पादोन म्हणजे पाऊण, सार्ध म्हणजे साडे. बाजारात पावणेतीन किलो कांदे मागणारी कोणतीही गृहिणी भागापवाहाचे गणित बोलत असते. शाळेत मात्र तीच संख्या दोन पूर्णांक तीन छेद चार होऊन आली, की ओळख पटत नाही. एके काळी आपल्या शाळांतून पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. आज तो शब्द औट घटकेच्या राज्यापुरता उरला आहे.

त्यांचे एक उदाहरण एका यात्रेकरूचे आहे. त्याने आपल्याजवळच्या निष्कांपैकी निम्मे प्रयागला दिले. उरलेल्याचे दोन नवमांश काशीला, त्यातून उरलेल्याचा पाव भाग वाटेतल्या जकातीला आणि पुन्हा उरलेल्याचे सहा दशांश गयेला दिले. घरी परतला तेव्हा त्रेसष्ट निष्क शिल्लक होते. तर निघताना किती होते? उत्तर आहे पाचशे चाळीस. पडताळा पाहावा : प्रयागनंतर दोनशे सत्तर, काशीनंतर दोनशे दहा, जकातीनंतर एकशे साडेसत्तावन्न, गयेनंतर त्रेसष्ट. प्रत्येक वेळी भाग कशाचा घ्यायचा, मूळ रकमेचा की उरलेल्याचा, हे ज्याला समजले त्याला अपूर्णांक समजले. दुसरीकडे केशराचे उदाहरण आहे. तीन सप्तमांश निष्काला अडीच पळे केशर मिळते, तर नऊ निष्कांना किती? उत्तर साडेबावन्न पळे. भाजकाचे अंश आणि छेद उलटे करून गुणावे, हा आपण शाळेत घोकलेला नियम येथे उपयोगी पडतो.

आणि छेदाच्या जागी शून्य आले तर? हा प्रश्नही त्यांनी टाळला नाही. अशा राशीला त्यांनी खहर हे नाव दिले. तिच्यात कितीही मिळवले किंवा तिच्यातून कितीही काढले तरी ती बदलत नाही, हे सांगताना त्यांना प्राणिमात्रांच्या उत्पत्ती-लयाने न बदलणारा अनंत अच्युत आठवला. आजचे गणित शून्याने भागण्याची परवानगी देत नाही. पण एका पावापासून निघालेला विचार अनंतापर्यंत नेण्याचे धैर्य मला तरी थोर वाटते.

बीजगणितातील त्यांची चक्रवाल पद्धती, ग्रहांच्या तात्कालिक गतीचा त्यांनी केलेला विचार, हे विषय माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत. एवढेच नोंदवतो, की इ. स. ११८३ हे आरंभवर्ष धरून त्यांनी करणकुतूहल हा पंचांगाच्या गणिताचा सुटसुटीत ग्रंथ रचला, तेव्हा त्यांचे वय एकोणसत्तर होते. उतारवयातही अवघड ते सोपे करून देण्याची त्यांची ओढ कमी झाली नव्हती.

त्यांचा मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपाळाच्या पदरी पंडित झाला. नातू चांगदेव सिंघण यादवाचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन चालू राहावे म्हणून चांगदेवाने पाटण येथे मठ स्थापन केला. निकुंभ वंशातील सोइदेवाने इ. स. १२०७ मध्ये चंद्रग्रहणाच्या पर्वावर त्या मठाला दान दिले. याची नोंद करणारा शिलालेख एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. मराठीच्या विद्यार्थ्यांना तो परिचित आहे, कारण संस्कृत मजकुरानंतर त्याच्या शेवटच्या ओळी त्या काळच्या मराठीत आहेत. बाजारात येणाऱ्या मालावरील कर मठाला मिळावा, तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, जे काही मोजायचे ते मठाच्या मापाने मोजावे, आणि मोजणीच्या मोबदल्यातला अर्धा वाटा मठाला व अर्धा मापाऱ्याला जावा, अशी व्यवस्था त्यात सांगितली आहे.

हा अर्धा वाटा मला विलक्षण वाटतो. ज्या आचार्याने पाव-अर्ध्याचे गणित शिकवले, त्याची विद्या पुढे चालावी म्हणून तेली, वाणी, मापारी आपापल्या मिळकतीतला भाग देत होते. विद्येचा आणि बाजाराचा असा संबंध होता. तो मठ आज नाही. परंतु लीलावती टिकली. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये तिच्यावर बुद्धिविलासिनी ही टीका लिहिली. १८१७ साली कोलब्रुकचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले आणि ती युरोपातील विद्वानांपर्यंत पोचली. सिद्धांतशिरोमणीच्या चारही भागांत लीलावतीच सर्वांच्या ओठी राहिली, आणि ती राहिली ती केवळ विद्वानांमुळे नव्हे, तर ती पिढ्यान्‌पिढ्या शिकवली गेली म्हणून.

आपण स्वतःला गणितापासून दूर समजतो. परंतु भास्कराचार्यांचे चरित्र वाचल्यावर मला हे अंतर तितकेसे खरे वाटत नाही. सव्वा, पाऊण, दीड, अडीच हे शब्द ज्या भाषेने जपले, ती भाषा शिकणाऱ्याला अपूर्णांक परके असण्याचे कारण नाही. उद्या आपल्यापैकी अनेकजण शिक्षक होतील, नाहीतर निदान घरातल्या लहान मुलांचा अभ्यास घेतील. तेव्हा दोन पूर्णांक एक छेद चार यापाशी अडलेल्या मुलाला आपण एवढे जरी सांगितले, की अरे, हे तर आपले सव्वादोन, तरी पाटणच्या मठाला द्यायचा आपला वाटा आपण दिला असे होईल.