शिपायाची फाईल आणि वतनाचा कायदा

१९१७ साली बडोद्याच्या कचेरीत शिपाई बाबासाहेबांच्या टेबलावर लांबूनच फायली फेकत. शिबिरांत हे सांगितले की तरुण चिडतात. चिडायलाच हवे! पण तो पूर्वग्रह होता. आम्हाला महार वतनाविरुद्धची लढाई जास्त सांगावीशी वाटते, कारण तिथे द्वेष करणाऱ्या माणसाची गरजच नव्हती. १८७४ च्या वतन कायद्याच्या आधारे महाराला रात्री-बेरात्री सरकारी कामाला जुंपता येई. तो घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याला. मोबदला म्हणजे तुटपुंजी इनाम जमीन आणि गावाचे बलुते. मामलेदार कितीही सज्जन असो, राबणूक तीच. म्हणून १९२८ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ते मागे घ्यावे लागले. वतन रद्द करणारा कायदा आला १९५८ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर.