निदान झाले, औषध नव्हते : फ्रँकलिन रुझवेल्ट यांची अखेरची वर्षे

मार्च १९४४ च्या अखेरीस अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन डिलानो रुझवेल्ट बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात तपासणीसाठी आले. हिवाळ्यात जडलेला खोकला हटत नव्हता, थोड्या श्रमाने धाप लागत होती. कन्या ॲना यांच्या आग्रहामुळे ही तपासणी ठरली होती. नौदलाच्या सेवेतील तरुण हृदयरोगतज्ज्ञ हॉवर्ड ब्रुएन यांनी त्यांना तपासले. ओठांवर निळसर छटा होती, हृदय बरेच मोठे झाले होते, फुप्फुसांत पाणी साचू लागल्याची चिन्हे होती आणि रक्तदाब १८६/१०८ होता. उच्च रक्तदाब आणि त्यातून उद्भवलेला हृदयाचा अशक्तपणा, असे निदान ब्रुएन यांनी केले. जगाच्या नकाशावर सैन्ये हलविणाऱ्या या पुरुषाचे हृदय थकले होते.

रुझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथे एका संपन्न घराण्यात झाला. राजकारणात नाव होत असतानाच १९२१ मध्ये, वयाच्या ३९ व्या वर्षी, पोलिओने त्यांचे दोन्ही पाय निकामी केले. त्यानंतर पायांना लोखंडी पट्ट्या बांधून, कुणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन ते उभे राहत. तरीही १९३३ मध्ये ते अध्यक्ष झाले, मंदीने खचलेल्या देशाला त्यांनी धीर दिला आणि पुढे दुसऱ्या महायुद्धाचे नेतृत्व केले. व्यंग लोकांच्या दृष्टीआड ठेवण्याची सवय त्यांना याच काळात लागली. पुढे रक्तदाबाच्या बाबतीतही तीच सवय आड आली.

हा विकार एका रात्रीत उपजला नव्हता. १९३५ मध्ये त्यांचा रक्तदाब १३६/७८ होता. १९३७ मध्ये तो १६२/९८ झाला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५ वर पोहोचला. आज असे आकडे पाहून कोणताही डॉक्टर त्याच दिवशी उपचार सुरू करील. त्या काळी मात्र वयाबरोबर दाब वाढणे स्वाभाविक, किंबहुना आवश्यक आहे, असे अनेक नामांकित वैद्यांना वाटत असे. आक्रसलेल्या वाहिन्यांतून रक्त पुढे ढकलण्यासाठी शरीर दाब वाढविते, तेव्हा तो उतरविणेच घातक ठरेल, अशी समजूत होती. अध्यक्षांचे वैयक्तिक डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे कान-नाक-घशाचे तज्ज्ञ होते. रुझवेल्ट दिवसाला सिगारेटचे पाकीट किंवा त्याहूनही अधिक ओढीत. या आकड्यांकडे कुणी धोक्याची घंटा म्हणून पाहिले नाही.

ब्रुएन यांनी संपूर्ण विश्रांती सुचविली. युद्ध ऐन भरात असताना अध्यक्षांना अंथरुणावर ठेवणे अशक्य, असे उत्तर मिळाले. अखेर फ्रँक लेही आणि जेम्स पॉलिन या ज्येष्ठ डॉक्टरांचा सल्ला घेऊन मधला मार्ग ठरला. हृदयाला बळ देण्यासाठी डिजिटॅलिस, शांत झोपेसाठी फेनोबार्बिटल, मीठ कमी केलेला हलका आहार, दुपारची विश्रांती, कामाचे मोजके तास आणि सिगारेटी दिवसाला पाच-सहा. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका मित्राच्या मळ्यावर त्यांनी सुमारे महिनाभर विसावा घेतला.

गुण आला. धाप कमी झाली, फुप्फुसे मोकळी झाली, हृदयाचा आकारही काहीसा आटोक्यात आला. रक्तदाब मात्र उतरला नाही. तो खात्रीने उतरविणारे औषधच तेव्हा कुणाच्या हाती नव्हते. मज्जातंतू कापण्याची मोठी शस्त्रक्रिया किंवा जवळजवळ निव्वळ भात आणि फळांवर राहण्याचा कडक पथ्याहार, असे मोजके मार्ग काही ठिकाणी अजमावले जात होते. युद्धकाळातील अध्यक्षाला त्यांपैकी एकही पेलणारा नव्हता.

ब्रुएन दररोज येत, दाब मोजत, औषधे देत. रुझवेल्ट यांनी आपल्या आजाराविषयी त्यांना कधीच विचारले नाही आणि आपणहून काही सांगू नये, अशी ब्रुएन यांना ताकीद होती. देशाला तर प्रकृती वयाच्या मानाने उत्तम असल्याचेच सांगण्यात येत होते. चौथ्या वेळी निवडणूक लढविण्याचा निर्णय याच पडद्याआड झाला. अध्यक्ष आणखी चार वर्षे काढू शकणार नाहीत, असे लेही यांनी जुलै १९४४ मध्ये लिहून ठेवले होते. तो कागद कित्येक दशकांनंतर उजेडात आला. प्रकृतीविषयीची कुजबुज थांबविण्यासाठी त्याच ऑक्टोबरमध्ये रुझवेल्ट न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून उघड्या मोटारीतून गार पावसात तासन्‌तास फिरले. नोव्हेंबरमध्ये ते विजयी झाले.

फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टा येथे चर्चिल आणि स्टालिन यांच्यासमवेत बसलेल्या रुझवेल्ट यांची छायाचित्रे आजही पाहणाऱ्याला अस्वस्थ करतात. चेहरा ओढलेला, डोळ्यांखाली काळी वर्तुळे. त्या सुमारास त्यांचा दाब फार वाढलेला होता. परतल्यावर १ मार्चला त्यांनी काँग्रेससमोर प्रथमच बसून भाषण केले आणि पायांतील लोखंडी पट्ट्यांच्या भाराचा प्रथमच जाहीर उल्लेख केला.

१२ एप्रिल १९४५ रोजी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील आपल्या छोट्या घरात ते कागदपत्रे पाहत बसले होते. चित्रकार एलिझाबेथ शूमाटॉफ त्यांचे चित्र रेखाटत होत्या. दुपारी एकच्या सुमारास डोक्याच्या मागच्या भागात असह्य कळ आली आणि ते बेशुद्ध झाले. ब्रुएन धावत आले. दाब ३०० च्या वर होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ३ वाजून ३५ मिनिटांनी, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. चित्र अपुरेच राहिले. जर्मनीची शरणागती चार आठवड्यांहून कमी अंतरावर होती. ज्यांच्या खांद्यावर सारा भार येऊन पडला, त्या उपाध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना अणुबॉम्बच्या योजनेची नीट माहितीही नव्हती. एका माणसाचे दुखणे लपविल्याची किंमत साऱ्या देशाला मोजावी लागू शकते, हे त्या दुपारी कळून आले.

पुढे ट्रूमन यांनीच जून १९४८ मध्ये राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांचा दीर्घकालीन अभ्यास सुरू झाला. वाढता रक्तदाब निरुपद्रवी नसून हृदयविकार व पक्षाघाताचे मोठे कारण आहे, हे त्यातून सिद्ध होत गेले. औषधाच्या शोधात मुंबईचाही मोलाचा वाटा आहे. येथील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या भारतीय वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवर पडताळला आणि १९४९ मध्ये तो ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला. रुझवेल्ट यांच्या मृत्यूला तेव्हा अवघी चार वर्षे झाली होती. त्या लेखाने पाश्चात्त्य वैद्यांचे लक्ष या मुळीकडे वेधले, १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले, आणि १९५८ च्या सुमारास लघवीवाटे मीठ व पाणी बाहेर टाकणाऱ्या थायाझाइड गोळ्या आल्या. त्या आजही वापरात आहेत.

बेथेस्डातील रुझवेल्ट यांची कागदपत्रे त्यांच्या मृत्यूनंतर नाहीशी झाली. ब्रुएन यांनी आपल्या नोंदींच्या आधारे १९७० मध्ये वृत्तान्त प्रसिद्ध केला, म्हणून ही कहाणी आज सांगता येते. जगातील सर्वांत शक्तिमान माणसाला जे औषध मिळू शकले नाही, त्याहून कितीतरी चांगले औषध आज गावातल्या दुकानातही मिळते. कमी मीठ, तंबाखूपासून दूर राहणे आणि पुरेशी विश्रांती, हे ब्रुएन यांच्या पथ्यातले भाग आजही औषधाच्या जोडीला तितकेच लागतात. मात्र दाब वाढताना तो बहुधा दुखत नाही, मोजल्याखेरीज कळत नाही, आणि बरे वाटते म्हणून मनानेच गोळी सोडणाऱ्याला तो क्षमा करीत नाही. रुझवेल्ट यांचे आकडे वर्षानुवर्षे लिहिले जात होते. ते वाचून वेळीच सावध होणारे कुणी नव्हते.