चिऊ-काऊच्या घरातला प्राध्यापक

डिंगोऱ्याच्या आमच्या घरी रेडिओ होता, पण तो होता आजोबांचा. ओसरीवरच्या फळीवर, क्रोशाचं कापड पांघरून बसलेला. बातम्या आणि बाजारभाव झाले की लगेच बंद. बायकांनी तो स्वयंपाकघरात जेवढा ऐकू येईल तेवढा ऐकायचा. अपवाद फक्त एका कार्यक्रमाचा. मुंबई आकाशवाणीवर पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी यांच्या घरातल्या गमतीजमतींची श्रुतिकामालिका लागली, की आजोबा स्वतः आवाज वाढवायचे. प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर ही नावं तेव्हा आम्हा पोरांना पाठ होती. पावसाळ्यात तर माळशेजचे ढगच आवाजात शिरल्यासारखी खरखर यायची, तरी कान लावून ऐकायचो. ना कुठला खून, ना कुणाचं लफडं. आज भाजी काय करायची, पाहुणे किती दिवस राहणार, पगार कुठे गेला, एवढ्यावर अख्खं घर हसायचं.

माझी मोठी आई, म्हणजे थोरल्या काकांची बायको, मात्र चुलीपुढे बसून तोंडात पदराचा बोळा घालून हसायची. सासरे ओसरीवर असताना सुनेचं हसणं बाहेर जाता कामा नये, हा घरचा रिवाज. तिच्या गदगदणाऱ्या खांद्यांवरूनच कळायचं, की मीनावहिनींनी पंतांना आज चांगलंच कोपऱ्यात गाठलंय.

पुढे मी कॉलेजला जायला लागले, तेव्हा जुन्नरच्या वाचनालयातून चिं. वि. जोशींची दोन पुस्तकं आणली. मोठ्या आईला अक्षरओळख नव्हती. दुपारी कांदे निवडायला बसलो की मी मोठ्याने वाचायची. दोन पानं झाली नाहीत तोच तिने ठरवून टाकलं, की हे रेडिओवरच्याच घराचं पुस्तक आहे. मी तिला समजावलं, की हा माणूस आपल्या रेडिओच्या कितीतरी आधीचा. पण तिचं तरी काय चुकलं? मराठी घरातल्या रोजच्या फजितीवर हसायची वाट ज्यांनी पाडली, त्यांत या माणसाचा मान फार वरचा. रेडिओवरचे पंत याच वाटेने आले, असं मला आजही वाटतं.

चिंतामण विनायक जोशी १९ जानेवारी १८९२ ला पुण्यात जन्मले. फर्ग्युसन कॉलेजात त्यांना धर्मानंद कोसंबींसारखे गुरू लाभले. कोसंबी म्हणजे गोव्यातून निघून, बौद्ध धर्माच्या ओढीने थेट सिंहलद्वीपापर्यंत जाऊन पाली शिकून आलेला माणूस. त्यांच्या हाताखाली जी मंडळी पालीकडे वळली, त्यांतले एक हे जोशी. एम.ए. झाले, पालीचं पाठ्यपुस्तक लिहिलं आणि १९२० पासून सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात प्राध्यापक झाले. पुढे संस्थानचं जुनं दप्तरही त्यांनी सांभाळलं. जवळजवळ तीन दशकं तिथे काढली. म्हणजे दिवसभर बुद्धवचनं आणि जुने कागद, आणि रात्री लिहायला बसले की चिमणराव! आपल्याकडे विद्वान म्हटला की कपाळाला आठी हवीच, असा समज असतो. या गृहस्थांनी जातककथाही मराठीत आणल्या, गौतम बुद्धांवरही पुस्तक लिहिलं आणि लोकांना पोट धरून हसवलंही.

‘एरंडाचे गुऱ्हाळ’ १९३२ ला आलं, तेव्हा ते चाळिशीचे होते. लगोलग १९३३ ला ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. नावंच बघा ना! एरंडाचं गुऱ्हाळ म्हणजे रस न निघणारी चरक, आणि चऱ्हाट म्हणजे संपता न संपणारी दोरी. लेखक आधीच सांगून मोकळा, की यात काही अर्थ नाही बरं का. पुढे ‘वायफळाचा मळा’ही आला.

यांच्या घरातली माणसं कोण? चिमणराव, त्यांची बायको कावेरी म्हणजे काऊ, मुलं मोरू, मैना आणि राघू. मोठ्या आईने हे ऐकलं आणि कांदा हातातच ठेवून हसत सुटली. अगं, हे तर सगळं पाखरांचं घर! चिमण, काऊ, मोर, मैना, राघू. मी तोवर चार गोष्टी वाचल्या होत्या, पण हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. माझा आपला एक तर्क आहे. जातककथांत माणसांचे गुण-अवगुण पशुपक्ष्यांच्या तोंडून सांगितलेले असतात. ज्याने आयुष्यभर त्या कथा शिकवल्या, त्याच्या लेखणीतून मध्यमवर्गीय माणसं पाखरांची नावं घेऊन उतरली, यात नवल नाही.

आणि या घरट्यात मिशाळ, दांडगा, सोटा घेऊन फिरणारा गुंड्याभाऊ. चिमणराव भित्रे, किडकिडीत, साधे कारकून. हा धाडसी, सरळ, आणि म्हणून संकटात घालणारा.

जोशींच्या आधी मराठीत विनोद नव्हता असं नाही. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे सुदामा, बंडूनाना, पांडूतात्या होते, गडकऱ्यांचा बाळकराम होता. पण तो बहुतेक पुरुषांच्या बैठकीतला विनोद. रूढींवर, ढोंगांवर, समाजावर. चिं. विं.नी तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत आणला. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फजिती कोण सांगतो, तर ज्याची झाली तो घरचा कर्ता पुरुष स्वतः. सगळं चिमणराव ‘मी’ म्हणून सांगतात. मी घाबरलो, मला काही सुचेना, मी तोंडावर पडलो. त्या काळच्या पुरुषाने हे छापून सांगायचं म्हणजे काय! आमच्या घरात तर पुरुष कधी चुकतच नसत. चुकायच्या त्या बायका, नाहीतर बैल. म्हणून चिमणरावांच्या तोंडून ऐकताना मोठ्या आईला पदराचा बोळा लागला नाही. नवराच स्वतःला हसतोय म्हटल्यावर आपण हसलं तर त्यात पाप कसलं?

चिमणराव पडद्यावरही गेले. मास्टर विनायकांच्या ‘लग्न पाहावं करून’ या १९४० च्या चित्रपटात दामुअण्णा मालवणकर चिमणराव आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ होते. १९४२ ला ‘सरकारी पाहुणे’ आला. २१ नोव्हेंबर १९६३ ला चिं. वि. गेले. त्यानंतर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी पुन्हा घरोघर नेली. ते बघायचं भाग्य आम्हा डिंगोरेकरांना नव्हतं. गावात टीव्ही कुठला?

एक गोष्ट मात्र मला टोचत राहते, आणि ती मोठ्या आईनेच दाखवली. तिने एकदा विचारलं, की हे सगळं नवराच सांगतोय, मग काऊ कधी सांगणार? मी पानं चाळली. काऊ बोलते, रुसते, टोमणे मारते, संसार ओढते, पण गोष्ट सांगायची पाळी तिच्यावर येत नाही. जे काही तिचं आहे ते चिमणरावांच्या मार्फत. चिं. वि. माझे फार लाडके, पण हे उणं आहे. रेडिओवर मीनावहिनींना निदान स्वतःचा आवाज तरी मिळाला, पंतांच्या बरोबरीचा. चुलीपुढची मोठी आई त्याचीच तर वाट बघत असायची.

आमच्याकडे तेव्हा एक कोंबडा होता. मान ताठ, उगाच सगळ्यांच्या अंगावर धावणारा. मोठ्या आईने त्याचं नाव ठेवलं गुंड्याभाऊ. दिवसभर अंगणात गुंड्याभाऊ, गुंड्याभाऊ चाललेलं. एका संध्याकाळी आजोबांनी ओसरीवरून विचारलं, की हा गुंड्याभाऊ कोण? मी उत्तर द्यायला उठले, तर मोठ्या आईने मला हाताने थांबवलं. ती दाराआड उभी राहिली, पदर सारखा केला आणि सुरुवात केली. जन्मभर ज्या सासऱ्यांशी ती हो-नाहीपलीकडे बोलली नव्हती, त्यांना तिने चिमणराव कोण, गुंड्याभाऊ कोण, आणि एकदा खरं तेच तोंडावर बोलायचं असा पण केल्यावर चिमणरावांचं काय झालं, ते सगळं सांगितलं. मी पुस्तकात वाचलेली तीच गोष्ट. फक्त तिच्या सांगण्यात ती काऊ सांगत होती. आमच्या ह्यांनी असं केलं, आमचे हे असे फसले.

आजोबा त्या दिवशी बाजारभाव लावायचे विसरले.